घड्याळ काढणारा माणूस

गुरुवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. घरमालकाशी फार वाद घालू नकोस, त्याला म्हातारपणाने ऐकू कमी येतं आणि तू आवाज चढवलास की तो घाबरतो.

माझं अक्षर आज असं वेडंवाकडं का, म्हणून तू हसशील. उजव्या तळहाताला टाके पडलेत. अंगठा नीट वाकत नाही, त्यामुळे पेन बोटांच्या बेचक्यात धरून लिहितेय. टाके कशाने पडले ते सांगणारच आहे, पण क्रमाने सांगू दे. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस.

तू विचारलंस, "वाचनालयात बसून आयुष्य काढतेस, एकाक्ष नक्की कोण ते अजून तुला कळलं नाही?" कळलं, दादा. तेच सांगायला बसले आहे.

इथे एकाक्षची नवी कादंबरी आली की जिन्यापर्यंत रांग लागते. खालचा औषधवाला म्हणतो, लेखक निवृत्त पोलीस असणार. त्याची बायको म्हणते, डॉक्टर असणार, कारण कुठली नस कापली की माणूस किती तडफडतो ते त्याला बरोबर माहीत असतं. तू तर पैज लावली होतीस की तो फौजेतला माणूस आहे. बाईमाणसाच्या हाताला एवढा जोर नसतो, असंही म्हणाला होतास.

मागच्या टेबलावर मी फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. एकाक्षचं पुस्तक नेहमी एकाच ठिकाणी उसवलेलं येतं. जिथे बायकोला छळणारा तो माणूस तिच्या हातून मरतो, तिथे. एका पुस्तकात तो रंगाच्या कारखान्यातल्या उकळत्या पिंपात जातो, एकात लिफ्टच्या खड्ड्यात, एकात शिंप्याची कात्री त्याच्या गळ्यात मुठीपर्यंत शिरते. कधी तो ठेकेदार असतो, कधी जहाजाचा कप्तान. पण दर पुस्तकात बायकोवर हात टाकण्याआधी तो हातातलं घड्याळ काढून टेबलावर सरळ ठेवतो. सगळे वाचक त्या घड्याळाची वाट बघत असतात. घड्याळ निघालं की समजायचं, याचे दिवस भरले.

आमच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. सडपातळ, पन्नाशीच्या, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून वरच्या फळीवरचं पुस्तक मला काढून द्यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात त्या एकाक्षची नवी कादंबरी घेऊन बसल्या होत्या आणि पेन्सिलीने त्यावर खुशाल खाडाखोड करत होत्या. मी धावले.

"अहो बाई, वाचनालयाचं पुस्तक आहे ते!"

"चूक छापलीय," त्या शांतपणे म्हणाल्या. "कात्री डावीकडून घुसते. यांनी उजवीकडून घुसवली. तो तर उजव्या कुशीवर पडलाय, मग हात कुठून जाणार?"

"लेखकाच्या मनात काय होतं ते तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

मी हसले. मग त्यांनी पान न उलटता पुढचा परिच्छेद म्हणून दाखवला. मी पान उलटून पडताळत गेले. मध्ये दोन वाक्यं जास्तीची आली, छापील पुस्तकात नसलेली. "ही प्रकाशकाने काढली," त्या म्हणाल्या, "रक्त फार होतं म्हणे." माझं हसू तिथेच थांबलं.

तर दादा, एकाक्ष म्हणजे त्या बाई.

आमची गट्टी जमली. प्रकाशकाकडून आलेली छपाईची कच्ची पानं त्या माझ्या टेबलाशी बसून तपासायच्या, कारण घरी शेजारीण डोकावते. एकदा मी विचारलं, लिहायला कशा लागलात? म्हणाल्या, "नवऱ्याने माझा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. प्लास्टरमध्ये होते, झोप लागायची नाही. मनातल्या मनात त्याला मारायला लागले. एकदा मारून भागेना. मग डाव्या हाताने लिहून काढलं." घड्याळ त्याचंच. काच फुटू नये म्हणून तो काढून ठेवायचा. बाई एक दिवस शिवणयंत्र रिक्षात घालून निघून आल्या, पण माणूस जिवंत होता, आणि तिकडे बसून त्याला आपण किती वेळा मेलो याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला. त्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी एकाक्ष मोठ्याने वाचत होतं. हा हाणामारीआधी घड्याळ काढतो हे तिथेही सगळ्यांना माहीत. "अरे, हा तर तूच की!" म्हणून सगळे हसले. तो हसला नाही. प्रकाशकाच्या कचेरीत गेला, मी नवरा आहे म्हणाला, आणि तिथल्या शिपायाने पानं कुठे पोचवतो ते सांगून टाकलं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. भर दुपार, ऊन थेट काउंटरवर. वाचनकक्षात एक निवृत्त मास्तर पेपर वाचत होते. एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "एकाक्षची पुस्तकं कुठे असतात?" इतक्या अदबीने विचारलं की मी उठून दाखवायला निघाले. तेवढ्यात त्याला टेबलाशी बसलेल्या बाई दिसल्या. त्याने घड्याळ काढलं, माझ्या काउंटरवर सरळ ठेवलं आणि मला म्हणाला, "जरा सांभाळा हं."

मला सगळं कळलं होतं, दादा, आणि माझे पाय हलले नाहीत.

त्याने बाईंचे केस मुठीत धरले आणि त्यांचं तोंड कपाटाच्या कडेवर आपटलं. परत आपटलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, तो त्यांच्या जबड्याचा. फरशीवर दात पडले. पुस्तकं त्यांच्या अंगावर कोसळली आणि तो त्या पुस्तकांवरूनच लाथा घालत राहिला. "लिही," म्हणत होता. "आता हेही लिही." मास्तर दारातून ओरडत होते, पण आत येईनात. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त डोकं हातांत घेतलं आणि गुडघे पोटाशी ओढले, जसं रोजचं काम असावं तसं.

मी कागद कापायची सुरी घेऊन धावले. त्याने माझं मनगट पिरगळलं, पातं माझ्याच तळहातातून गेलं. हे टाके त्याचे. मग मी पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी ठोकळा उचलला आणि त्याच्या कानामागे घातला. खुर्ची शोधत असल्यासारखा तो हळूच खाली बसला आणि मग आडवा झाला.

तो जिवंत आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, परत यायची नाही. बाईंचा जबडा तारेने बांधलाय, त्या नळीने पातळ पितात आणि पाटीवर लिहून बोलतात. पोलिसांनी माझा जबाब घेतला. मास्तरांनी सांगितलं, मुलीने जीव वाचवला, नाहीतर बाई गेल्या होत्या. फौजदार एकाक्षचा भक्त निघाला. बाईंच्या खाटेशी उभा राहून दोनदा म्हणाला, "ह्या? ह्या बाई?" माझ्यावर गुन्हा लावणार नाहीत असं दिसतंय.

इथवर पत्र संपवता आलं असतं.

तू चार पानं लिहिलीस आणि शेवटी, सही करता करता, एका ओळीत विचारलंस की वहिनी तुझ्याकडे आली आहे का. आली आहे, दादा. त्या दुपारच्या आधीच आली होती. मी हे लिहितेय आणि ती आतल्या खोलीत झोपली आहे.

तिचा डावा कान गेलाय. पडदा फाटलाय. पाठीमागे केसांचा एक चट्टा मुळापासून उपटलेला आहे, तिथे फणी लागली की ती दात आवळते. बरगडीचं तुला माहीतच असेल. आल्यावर चार दिवस ती मला "जिन्यावरून पडले" म्हणत राहिली. मग एका सकाळी, बाईंवरच्या त्या हल्ल्याच्या आधीच, मी चहा गाळताना हातातलं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, पाण्याने भिजू नये म्हणून. मागे कप फुटला. वळून बघितलं तर वहिनी भिंतीला चिकटून उभी, दोन्ही हात डोक्यावर.

तेव्हा ती बोलली. म्हणाली, "आधी नुसता हात उचलायचे. घड्याळ गेल्या वर्षापासून काढायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं, गंमत करताहेत, पुस्तकातल्यासारखं. मी हसले."

ती पुस्तकं तुला मी पाठवत होते, दादा. प्रत्येक नवी कादंबरी, वाचनालयाचं कागदी कव्हर घालून. तू उत्तरात लिहायचास, काय जबरदस्त पात्र रंगवलंय. मला वाटायचं, त्याला मारणाऱ्या बाईबद्दल बोलतोयस.

इस्पितळात वहिनीने स्वतःच हे बाईंना सांगितलं. मी अडवलं नाही. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग पाटी मागितली. लिहिलं, "मी त्याला फार रुबाबदार केला." पुसलं. परत लिहिलं, "खरा तसा नव्हता. घड्याळाखाली मनगटावर पांढरा पट्टा होता. तो दिसला की माझी लघवी सुटायची. ते मी एकाही पुस्तकात घातलं नाही. वाचकांना नसतं आवडलं." त्या रडत होत्या, आणि जबडा बांधलेल्या माणसाला रडताही येत नाही नीट, नुसता घशातून आवाज येतो. शेवटी लिहिलं, "तुझ्या भावाला मी कोण ते कळव. हा पट्टाही कळव."

म्हणून कळवलं. आता त्या पुढचं पुस्तक लिहिणार नाहीत. प्रकाशक गयावया करतोय.

मी काहीच विसरलेले नाही, दादा. बाबांचा पट्टा माझ्यावर यायचा तेव्हा तू मला कॉटखाली ढकलायचास आणि स्वतः बाहेर राहायचास. फरशीवर तुझे उघडे पाय दिसायचे, प्रत्येक फटक्याला बोटं आखडायची. एकदा तू खाली वाकून माझ्याकडे बघून डोळा मारलास. नाकातून रक्त येत होतं तुझ्या. त्या मुलासाठी मी आजही जीव देईन. वहिनी त्या मुलाला कधी भेटलीच नाही.

आता एक गोष्ट, जी मी पोलिसांना सांगितली नाही. बाईंनीही जबाबात "एकच घाव" असं लिहून दिलं. मास्तर तोवर जिन्यात मदतीला हाका मारत होते, त्यांनी पाहिलं नाही.

घाव दोन होते. पहिल्याने तो खाली पडला होता. त्याच्या हातात काही नव्हतं. तो "पाणी" म्हणाला, स्पष्ट म्हणाला. तेव्हा तो बोलू शकत होता. मी त्याच्यावर वाकले आणि मला तिथे तो दिसला नाही. तू दिसलास. तुझा भांग, तुझी हनुवटी, तुझं ते माफी मागायच्या आधीचं तोंड. आणि मी ठोकळा दोन्ही हातांनी उचलून पूर्ण जोराने खाली आणला. हात कापलेला असून दुखलं नाही. खरं सांगू? बरं वाटलं. ते बरं वाटणं मी ओळखलं. ते आपल्या घरचं आहे. बाबांच्या हातातून तुझ्याकडे आलं तसं माझ्याकडेही आलंय; मला ते कॉटखाली बसून कळलं नव्हतं, एवढंच.

वहिनीने तक्रार दिली आहे. वकिलाचा कागद येईल, तो फाडू नकोस, सही कर. ती परत येणार नाही. हे तिने मला सांगितलं, मी तिला शिकवलेलं नाही.

आणि तू इथे येऊ नकोस. मला तुझी भीती वाटते म्हणून नव्हे. तू दारात उभा राहशील, गोड बोलशील, वहिनी आतून तुझा आवाज ऐकेल आणि भिंतीला चिकटेल, आणि मग मी काय करीन ते मला आता माहीत आहे. मला माझीच भीती वाटते, दादा. म्हणून हात जोडून सांगते, येऊ नकोस.

तब्येतीची काळजी घे. कोणाशी तरी बोल, डॉक्टर असो, कोणी असो. पत्र लिही. तुझी पत्रं मी वाचीन.

दार बंद ठेवून,
तुझीच,
धाकटी