वहीतलं वहीतच राहिलं

केफ, ५ मार्च

चि. वसीला हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजीचं नाव मबरूका. विसरली असशील म्हणून सांगते. तीन महिने पत्र नाही. मी बोलतेय आणि शेजारची रशीदा लिहितेय. माझ्या शिव्या ती गाळते, त्या तू मनाने भर. तुमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले म्हणे. सकाळी डॉक्टर-नर्स मिळून पुदिन्याचा चहा घेत होतात, तो चालू आहे ना? त्याचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते.

तुला न विसरलेली,
आजी

बिझर्त, १२ मार्च

ती. आजीस सा. न.

चहा बंद झाला. नवे डॉक्टर अनीस म्हणाले, कामाच्या वेळी गप्पा नकोत, सांगायचं ते वहीत लिहा. पूर्वी चहाबरोबर एकेका रुग्णाचं नाव निघायचं आणि आम्ही नर्स बोलून झाल्याशिवाय जुने डॉक्टर पेला उचलत नसत. आता सगळे मानेनेच बोलतो.

चार नंबरच्या खाटेवर हमादीकाका होते, कोळी. एक इंजेक्शन त्यांना सोसत नाही, असं त्यांच्या बायकोने मला बजावलं होतं. मी वहीत लिहिलं आणि घरी आले. डॉक्टरांनी वही उघडली नाही, तेच इंजेक्शन दिलं गेलं. काका गेले. आजी, निघताना डॉक्टर दारातच भेटले होते. रागापोटी मी तोंड उघडलं नाही. राजीनामा लिहून ठेवलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वसीला

केफ, २० मार्च

चि. वसीला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र रशीदाने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तिलाच वाचवेना. मला अक्षर येत नाही, म्हणून जन्मभर प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी कानावर घालत आले. तू लिहिलंस आणि तुला वाटलं, सुटले. त्याने वाचलं नाही. चूक दोघांची आहे, पोरी, मी ती पुसून देणार नाही. पण तू गेलीस, तर त्या खाटेवरच्या पुढच्या माणसाचं कोण सांगेल?

तो राजीनाम्याचा कागद फाड. दारात गप्प का राहिलीस, ते डॉक्टरला सांग. त्याच्याही घशाखाली घास उतरत नसेल. काका गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी दोघं मिळून त्यांच्या घरी जा आणि बायकोला खरं सांगा. तिने दार लावून घेतलं, तर उंबऱ्याशी बसा.

रागावलेली, पण तुझीच,
आजी

ता. क. रिकाम्या हातांनी जाऊ नका. कुसकूस न्या. मासळीचं नको, त्या घरात आता मासळी नको. मटणाचं कर, छोले भरपूर घाल. पातेलं डॉक्टरला उचलायला लाव, झाकण तू धर.