मवाळ गास्पारेचा नमस्कार

फिलाडेल्फिया, १२ मे

तीर्थस्वरूप ओत्तावियो भावोजींना धाकट्या मेहुण्या नुंत्सियोचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? फिलोमेनाताईचा खोकला? इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी आणि असुंता. गल्लीतल्या बाकीच्यांची खात्री देता येत नाही, तेच कळवायला बसलोय.

ईस्टरच्या जेवणात तुम्ही चारचौघांत म्हणालात, "गुंडांची तुरुंगातली पत्रं जमवतोस? त्यापेक्षा बाटल्यांची झाकणं जमव!" मला लागलं. (तीन टोळीप्रमुखांची एकेचाळीस पत्रं आहेत माझ्याकडे, सगळी त्यांनी स्वहस्ते लिहिलेली, पाकिटांसकट.) त्यांतली छत्तीस मवाळ गास्पारेची. नावावर सतरा खून, पण अक्षर शाळेतल्या बाईंसारखं. मी हवापाण्याचं लिहिलं की तो उत्तर चार ओळींत आटपतो, कुणाची कागाळी केली की दोन पानं भरतो. म्हणून मी कागाळ्या करू लागलो. समोरचा रोक्को माझ्या गाडीच्या जागेवर खुर्ची मांडून ठेवतो, असं लिहिलं. उत्तरात टोमॅटोची लागवड, ओव्याचा काढा, आणि शेवटी, 'रोक्कोला माझा नमस्कार सांग.' (तुरुंगाचे साहेब प्रत्येक पत्र वाचतात, पण नमस्काराला कोण हरकत घेणार?) मी सांगितला. रोक्को पांढराफटक पडला. गुरुवारपासून तो दिसत नाही. खुर्ची आहे, तिला हात लावायला कुणी धजत नाही, मीसुद्धा गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावतो. मग बेकरीवाल्या तुल्लियोबद्दल लिहिलं, कानोलीत सारण कमी भरतो म्हणून. त्यालाही नमस्कार आला, तोही पोचवला (कुणाचा निरोप बुडवू नये, अशी आईची शिकवण). दुसऱ्या दिवशी दुकान उघडं, दिवे चालू, कानोल्या काठोकाठ भरून ओळीने मांडलेल्या, आणि तुल्लियो कुठेच नाही. मी भित्रा नाही, भावोजी, पण त्या कानोल्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

तर ईस्टरनंतर रागाच्या भरात मी तुमच्याबद्दल अडीच पानं लिहिली. काल उत्तर आलं. शेवटी तेच, 'भावोजींना माझा नमस्कार सांग.' मी तो मुळीच सांगणार नाही. झाकणांचं बोलणं अजून खुपतंय, पण तुमचं काही बरंवाईट झालं तर ताईला तोंड कसं दाखवू? खरंच घाबरलोय.

तुमचाच,
नुंत्सियो

ता. क. असुंताने हे वाचून कपाळाला हात लावला. "अहो, सांगणार नाही म्हणता म्हणता सांगितलात की!" ती ओळ मी काळ्या शाईने खोडली आहे. कृपया उजेडाकडे धरून वाचू नका.

आणखी ता. क. आत्ताच टपाल आलं. गास्पारे लिहितो, 'तुझ्या भावोजींचीही पत्रं येतात. तुझ्याबद्दल भरभरून लिहितात. त्यांनाही आजच उत्तर धाडलं.' भावोजी, तुम्हीसुद्धा जमवता? कधीपासून? असो. माझी बेचाळीसही (आजचं धरून) तुम्ही घेऊन जा, पाकिटांसकट. फक्त तुम्हाला आलेल्या पत्राची शेवटची ओळ मला कळवू नका. पत्राने नको, ताईच्या तोंडून तर नकोच. फोन वाजतोय. असुंताने उचलला. म्हणते, "भावोजींचा आहे, तुमच्यासाठी कुणाचा तरी निरोप आहे म्हणतात."