थोरल्या पातीचा ऑफसाइड

धार, ता. २० नोव्हेंबर १९५२

रा. रा. साडूबुवा कृष्णराव यांना (देवासची धूळ अजून कानात आहे, तरीही) नीलकंठाचा साष्टांग नमस्कार. आपली गुडघेदुखी कमी असेल. आमची प्रकृती विचारू नका, मी अजून हादरलेलो आहे.

रविवारी देवासला धार-देवास फुटबॉलचा सामना झाला आणि रेफ्री मी. (शाळेत ड्रिल शिकवतो म्हणून मलाच धरलं.) तुम्ही नेमके पीपलरावां गावी गेलेले, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा पुतण्या भास्कर, ज्याला आमची विनोदिनी द्यावी म्हणून आपण वर्षभर खटपट करतो आहोत, तो पहिल्या मिनिटापासून धारच्या गोलापाशी उभा! चेंडू मागे, बाकी सारे मागे, पुढे एकटा गोलकीपर. आणि हा चार सोबती घेऊन तिथे, पानाच्या ठेल्यापुढे उभं राहावं तसा. मी शिटी फुंकून ओरडलो, ऑफसाइड! तर म्हणतो कसा, "मास्साब, साइड तो अपनीच है! ये आधा मैदान थोरली पाती का." (देवासची थोरली-धाकटी दोन्ही संस्थानं विलीन होऊन चार वर्षं झाली, पण रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती आणि पलीकडे धाकटी, हे तुमच्या गावात कोण विसरलंय?)

मी त्याचे पाच गोल नाकारले. दर वेळी थोरलीने शिव्या दिल्या आणि धाकटीने टाळ्या वाजवल्या. अहो, स्वतःच्याच गावाचा गोल गेला म्हणून टाळ्या! मी थक्क झालो. मध्यंतरानंतर बाजू बदला म्हणालो, तेव्हा मात्र धाकटीही खवळली: आमचं अर्धं मैदान थोरलीला देणारा हा कोण? सरकारला चार वर्षांत साधलं नाही ते मला एका वाक्यात साधलं. दोन्ही पात्या एक झाल्या आणि माझ्या मागे धावल्या. शिटी, टोपी आणि उजवा बूट तिथेच राहिला.

ज्याला कुठे उभं राहावं हे कळत नाही, त्याला पोटची पोर कशी देऊ? सांगताना जीव तुटतो, पण येत्या रविवारी मुलगी पाहायला येऊ नये. अक्कांना नमस्कार.

आपला,
नीलकंठ

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दारात भास्कर! टोपी झटकलेली, बुटाला पॉलिश, शिटी धुऊन रुमालात बांधलेली. पाया पडून म्हणाला, "काका, चुकलो. नियम समजावा." मी अंगणात खडूने मैदान आखून तासभर समजावलं. त्याला कळेना. विनोदिनीला दारामागून ऐकून कळलं, आता तीच समजावते आहे.

ता. क. २. रविवारी अवश्य यावे. जमल्यास शनिवारीच. वडीलमंडळी मागे देवासला, आणि हा एकटा पुढे येऊन मुलीसमोर उभा. याहून उघड ऑफसाइड मी जन्मात पाहिला नाही. शिटी माझ्या हातात आहे. मी वाजवलेली नाही.