बाईसाहेबांचं खाणं

६ जानेवारी
आले एकदाची! ताईचा मेसेज होता, ‘ये ना, खोलीत छान ऊन येतं.’ आणि खरंच, ऊन थेट पलंगापर्यंत येतं. पुढच्या सोमवारपासून दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर नोकरी. जन्मभर सगळ्यांनी माझ्या बडबडीला नावं ठेवली, शेवटी तीच कामाला आली. ताई मात्र पार मिटून गेली आहे. तीन वर्षं फोन नाही, नुसते मेसेज. भावोजी म्हणाले, दाढांचं जुनं दुखणं आहे, तोंड उघडवत नाही. तिने मान हलवली आणि मला इतकं घट्ट धरलं की मी रडलेच.

७ जानेवारी
माझ्या खोलीत आधीच एक बिऱ्हाड आहे. भिंतभर टाकीत एकटीच तिलापिया, चांगली हातभर लांब. नाव बाईसाहेब. जोडीला सोडलेला एकही मासा तिने जिवंत ठेवला नाही म्हणे. लोक हिला ताटात वाढतात आणि आम्ही हिला वाढतो, असं म्हणून भावोजी स्वतःच हसले. भरवायचं काम ताईने मला दिलं, नियम कागदावर लिहून. हातानेच भरवायचं. आधी आणि नंतरही हाताला साबण लावायचा नाही, तो माशाला बाधतो. बाईसाहेब बोट तान्ह्या बाळासारखी चोखतात. लाडच आले मला.

९ जानेवारी
खाणं आणायला गेले तर माशांचा दुकानदार गप्पिष्ट निघाला. तिलापियाची आई अंडी तोंडात सांभाळते, पिल्लं निघेपर्यंत काही खात नाही, असं सांगत होता. आमची तर दिवसातून तीनदा खाते, मी म्हटलं. मग अंडी ठेवते कुठे, असं विचारून तो हसला. मीही हसले.

१२ जानेवारी
ताई बोलली! जेवताना दोनदा वाढून घेतलं, वर गाणं गुणगुणली. किती बरं वाटलं. मला मात्र भूक नाही. जिभेखाली काहीतरी खरखरतंय. नखं कुरतडते ना सारखी, त्याचंच असेल. आम्हा तिघी बहिणींची ही खोड, आई बोलून बोलून थकली.

१३ जानेवारी
पहिलाच दिवस आणि खिडकीवर माझी वाचा बसली. एक आजोबा वॉर्ड विचारत राहिले, मी नुसती बोट दाखवत. दुपारी घरी पाठवलं.

१४ जानेवारी
आरशात पाहिलं. जिभेखाली पिवळे दाणे. प्रत्येकात दोन काळे ठिपके. डोळे आहेत ते. थुंकायला गेले तर जबडा मिटला, आपोआप. उघडतच नाही.

१५ जानेवारी
मी कागदावर विचारलं, ताईने तोंडाने उत्तर दिलं. तिला हे सासूने दिलं होतं. पिल्लं निघतात, टाकीत सोडायची, बाईसाहेब ती खातात, पुन्हा अंडी. दुसऱ्या कुणी हाताने भरवलं आणि ते बोट तोंडात घातलं, की सुटका. म्हणून साबण नाही. म्हणून मी. माझी नखं तिच्या लक्षात होती. लहानपणी ती रक्ताळली की हीच फुंकर घालायची. हे सगळं तिने ताट संपवता संपवता सांगितलं. माझी ताई.

१७ जानेवारी
वळवळतायत. दवाखान्यातून निरोप आला — उद्यापासून येऊ नका. ताई बाहेर कुणाशी तरी खळखळून हसतेय.

१८ जानेवारी
ताईने फोन आणून हातात ठेवला. धाकटीचं नाव उघडून. तुझ्यासारखीच नखं खाते, म्हणाली, किती दिवस सोसशील?

नाही. ती सगळ्यात लहान — मी नाही करणार — ताईनेही आधी असंच —

लिहून झालाय. ये ना, खोलीत छान ऊन येतं. पुसते. पुन्हा लिहिला? मीच?

पुसते. चावतायत. फक्त एकदा तोंड उघडून तिला हाक मारता आली तर — नको येऊस असं — पुसते आहे, धाकटे, मी पुस