‘सोडलं तसं’चा रकाना

अण्णा,

तुमची मिठाची बरणी आत्ता माझ्यासमोर ओट्यावर आहे. तीच, जी आईने लोणच्यासाठी दोनदा मागितली आणि तुम्ही दिली नाही. तळाला ओल्या वाळूइतकं भिजवलेलं मीठ, झाकणाच्या भोकातून आत सोडलेली आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरची वायर, भोकाभोवती कणीक लिंपलेली. अशा बंद बरणीतली हवा काही तासांत पंचाहत्तर टक्के दमट होते आणि तिथंच थांबते, बाहेर कितीही ऊन असू दे, हे तुम्ही मला सातवीत असताना दाखवलं होतं. सेन्सरनेही पंचाहत्तरच दाखवायला हवं. त्याहून कमीजास्त दाखवलं, तर तेवढा तो चुकतो. सकाळी सहाला हा तिसरा सेन्सर आत ठेवलाय. अकराला बघायचं. आणि अकरालाच मावशी त्यांची डब्याची पिशवी न्यायला येणार आहेत.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून आधी हे सांगायला हवं की पुंडलिकनगरच्या घराच्या मागच्या खोलीत मी आता मशरूम पिकवते. भुशाच्या पिशव्या, तीन मांडण्या, प्रत्येक मांडणीवर एक सेन्सर. खोलीतली आर्द्रता पंच्याऐंशीच्या खाली गेली की पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर लावायचा, आणि दर तासाला पडद्यावरचे आकडे वहीत लिहायचे. मुकुंदवाडीहून येणाऱ्या मावशी दोन वर्षं हे काम करत होत्या. ‘होत्या’ लिहिलं, कारण शनिवारी मी त्यांना येऊ नका म्हणाले.

उन्हं तापायला लागली तशी पंधरा दिवसांपासून पीक बिघडत होतं. छत्र्यांच्या कडा पिवळ्या पडून चिरत होत्या, नवे कोंब टाचणीएवढे होऊन सुकत होते. हवा कोरडी असल्याशिवाय असं होत नाही. पण वहीत बघावं तर दर तासाला अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, पुन्हा अठ्ठ्याऐंशी, तिन्ही मांडण्यांवर. मावशी मात्र म्हणत होत्या, “ताई, खोलीत लई कोरडं लागतंय. व्हट फुटले माझे.” एकदा त्यांनी न विचारता फॉगर लावला तर मीच रागावले, मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का म्हणून. त्यानंतर त्या पडद्यावर दिसेल तसंच वागत होत्या. शनिवारी मला दुसऱ्या मांडणीवरची अख्खी रांग सुकलेली दिसली आणि मी वही त्यांच्यापुढे धरली. दुपारी तुम्ही झोपता आणि उठल्यावर बसल्या जागी आकडे भरता, असं म्हणाले. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. “जे दिसलं ते लिवलं. दोन वर्सांत एक आकडा मनचा नाय घातला. माझ्या पोरींपुढं बी सांगते.” मी म्हणाले, पीक काय खोटं बोलतं का? त्या हात धुऊन निघून गेल्या. डबा मांडणीखालीच राहिला.

रविवारी त्यांच्या जागी मी स्वतः बसले. दिवसभर आकडा अठ्ठ्याऐंशीवरून हलू दिला नाही. दुपारपर्यंत दारावरचा ओला गोणपाट कडक झाला होता आणि माझेही ओठ सोलत होते. मग माळ्यावरून बरणी काढली. बरणीचं तोंड लहान, एका वेळी एकच सेन्सर मावतो. पहिल्याने आत सत्त्याऐंशी दाखवलं. काल दुसरा, तोही सत्त्याऐंशी. म्हणजे खोलीत खरी आर्द्रता शहात्तरच्या आसपास होती आणि मावशी खरं लिहीत होत्या. एवढं कळूनही, अण्णा, मी काल त्यांच्याकडे गेले नाही. तिसरा बघते म्हटलं. तो बरोबर निघाला तर दोन सेन्सर धुळीने, जुनेपणाने बिघडले असं म्हणता येईल. तिन्ही सारखेच चुकले, तर ते धुळीचं काम नाही. मशीनवरचं एक बटण दाबलं की सेन्सरची चूक भरून काढायला मी शेवटी घातलेला दुरुस्तीचा आकडा दिसतो. दोन दिवसांत मी ते बटण दाबलेलं नाही.

तुमची वही आठवते. चिकलठाण्याच्या कारखान्यात तुमच्या टेबलापाशी मी एकदाच आले होते, सातवीनंतरच्या सुट्टीत, डबा द्यायला. पातेलंभर कुटलेल्या बर्फात सात-आठ तापमापकं उभी होती आणि तुम्ही प्रत्येकाशी वाकून, एक डोळा मिटून बघत होता. पातेलं आपलंच होतं, आई ते आठवडाभर शोधत होती. वहीत दोन रकाने होते, ‘सापडलं तसं’ आणि ‘सोडलं तसं’. हात लावायच्या आधी काय दाखवत होतं, आणि दुरुस्त केल्यावर पुन्हा बर्फात घालून काय दाखवलं. मी विचारलं, दुरुस्त केल्यावर पुन्हा कशाला? तुम्ही म्हणालात, “हात माझाच हाय ना. त्याला कोण तपासणार?”

त्याच उन्हाळ्यात तुम्ही गच्चीच्या भिंतीवर एक तापमापक लावलं आणि मला वही दिली. आठ, बारा आणि चार वाजता बघायचं. एक दिवस मैत्रिणीकडे जायचं होतं, म्हणून मी दुपारी तीनलाच चारचा आकडा लिहून ठेवला, एक्केचाळीस. संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, सायकल लावली, वही बघितली. “हे एक्केचाळीस कुठं बघितलं?” मी म्हणाले, गच्चीवर. तुम्ही पिशवीतून तापमापक काढून माझ्यासमोर ठेवलं. बाराच्या आकड्यानंतर तुम्ही जेवायला घरी आला होतात आणि जाताना ते तपासायला सोबत नेलं होतं. भिंतीवर नुसता खिळा होता. तुम्ही मारलं नाही, आईलाही सांगितलं नाही. मी रबर शोधायला लागले तर म्हणालात, “खोडू नको. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. अन् बाजूला सही कर.” तेरा वर्षांच्या मला सही नव्हती, मी पूर्ण नाव लिहिलं.

अकरा वाजले. तिसराही सत्त्याऐंशी.

बटण दाबलं. तिन्हींना अधिक सहा. फेब्रुवारीत तपासले तेव्हा तिन्ही सेन्सर बरणीत एक्क्याऐंशी दाखवत होते. सहा जास्त, म्हणजे सहा वजा करायचे. मी सहा मिळवले. त्या दिवशी माल न्यायला गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चूक कोणाचीही होईल, पण पुन्हा बरणीत ठेवून बघितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. माझ्या वहीतही तुमचेच दोन रकाने आहेत. ‘सापडलं तसं’खाली एक्क्याऐंशी तीनदा. ‘सोडलं तसं’खाली पंचाहत्तर तीनदा, माझ्या अक्षरात, न बघता.

हे पुढचं संध्याकाळी लिहितेय. मावशी आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. त्या दारातच थांबल्या. मी म्हणाले, मावशी, सेन्सर चुकत होते. तुमचे आकडे खरे होते.

“मग मशीन खोटं बोललं म्हणा की,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्यासाठी सुटकेचं दार उघडून दिलं होतं, अण्णा, आणि मी त्यातून जवळजवळ गेलेच होते. पण वही उघडी होती. मी म्हणाले, मशीन नाही, मी. मग तो रकाना दाखवला. पंचाहत्तरवर तीन रेघा मारल्या, प्रत्येक रेघेच्या बाजूला सही केली. त्या आत येऊन वहीवर वाकल्या.

“म्हंजी बसल्या जागी लिवलं तुमी.”

“हो.”

“अन् झोपत व्हते मी.” त्या हसल्या नाहीत. ओट्याशी काढून ठेवलेली पिशवी उचलली, परत ठेवली. मग विचारलं, “एकदाच का ताई? का अजून कुठं असंच लिवलंय?”

मी त्यांच्यासमोर वही पहिल्या पानापासून चाळली. या वहीत एवढंच, हे मी त्यांना खरं सांगू शकले. त्या म्हणाल्या, उद्या येते, पण वही तुमी लिवा, मी बघून सांगते. ते बरोबरच होतं. दुपारी तिन्हींना वजा सहा घातलं. पहिला पुन्हा बरणीत आहे, उद्या बघून मगच लिहीन.

हे कुठं पाठवणार? वहीतच ठेवते. पण मावशींनी विचारलं ते तुम्ही त्या दिवशी विचारलं नव्हतं. तुम्हाला वाटलं, एकच. महिना संपल्यावर तुम्ही त्या पानाखाली सही केलीत आणि वही कपाटात जपून ठेवलीत. आज काढून बघितली. एक्केचाळीसवर रेघ आहे. बाकीचे मी न बघता लिहिलेले कोणते, ते आता मलाही ओळखू येत नाहीत.