क्षमाचा लंकेतला मुक्काम

तात्यापारा, रायपूर
दि. १६ नोव्हेंबर २००३

ती. कुमुदताईंना,
क्षमाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत तुमच्या पत्राची वाट पाहिली. आलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले. बाबांची तब्येत छान आहे. सकाळी अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसतात आणि पेपर मोठ्यानं वाचतात, त्यामुळे शेजाऱ्यांनी स्वतःचा पेपर बंद केला आहे. तुमचे बाबा माझेही बाबा झाल्याला वीस वर्षं झाली, त्यातली सतरा दिवाकरशिवाय. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. अपवाद फक्त भाजीत मीठ कमी पडलं तर.

मे महिन्यात माझं आणि श्यामकांतचं नोंदणी लग्न झालं तेव्हा तुम्ही आला नाहीत. भावाच्या जागी दुसरं कोणी बघणं बहिणीला जड जाणारच, हे मला कळतं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण आज एक मागणं आहे, म्हणून थोडी प्रस्तावना.

आम्ही मधुचंद्राला परदेशी जायचं ठरवतो आहोत. हसू नका. मी चव्वेचाळीस, ते एकोणपन्नास. ऑफिसातल्या मुली तर मला बघून तोंडाला पदर लावतात. राज्य नवं झालं आणि भोपाळचे निम्मे लोक इथल्या मंत्रालयात आले, त्यांच्यातच नकाशा शाखेत हे आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या आईच्या आजारपणात त्यांचं लग्नाचं वय गेलं. अजून माझ्या तोंडात "अहो" बसत नाही, चुकून "पोहनकर साहेब" येतं आणि बाबा खो खो हसतात.

जयस्तंभ चौकाजवळच्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं आम्हाला सहलीचा कागद दिला होता. सहा दिवसांत सात गावं, रोज पहाटे पाचला तयार. श्यामकांतनी तो कागद नीट घडी घालून परत दिला आणि म्हणाले की भैया, आम्हाला बघायचं काही नाही, बसायचं आहे. मग घरी येऊन त्यांनी श्रीलंकेचा एक सुंदर नकाशा काढला आणि त्यात फक्त दोन ठिपके दिले. एक चहाच्या डोंगरातलं हापुताले नावाचं छोटं गाव, दुसरा गॉलजवळचा समुद्रकिनारा. चार दिवस इथे, चार दिवस तिथे. उठायची वेळ, उठू तेव्हा. त्यांनी विचारलं की तुला तिथे काय करायला आवडेल, तर मी म्हटलं, दुसऱ्यानं केलेला चहा बसल्या जागी प्यायला. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. असा माणूस, ताई.

जाताना चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून तासाभराचं विमान. पासपोर्ट भोपाळहून आलेत. नवं नाव लिहिताना माझा हात अडखळला तेव्हा बाबांनीच मागून अक्षरं सांगितली.

प्रश्न बाबांचाच आहे. बारा जानेवारीला निघायचं म्हणतो. तेवढे दहा-बारा दिवस तुम्ही येऊन राहाल का? तुमच्याशिवाय कोणावर त्यांना सोडून माझा पाय निघणार नाही. शिरीषभावजींना नमस्कार. तुमची माया कमी झाली नसेल असं धरून चालते.

तुमची,
क्षमा

अकोला
दि. २९ नोव्हेंबर २००३

चि. क्षमा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. सहलीचं वाचून आनंद झाला. माझं येणं मात्र जमेलसं दिसत नाही. गुडघे दुखतात, ह्यांचं ब्लड प्रेशर वरखाली असतं आणि थंडीत रेल्वेचा एवढा प्रवास नको वाटतो. बाबांसाठी एखादी बाई दिवसभर ठेवता आली तर बघ. रायपूर आता राजधानी आहे, तिथे सगळं मिळत असेल.

थंडीचे कपडे आठवणीनं ने. डोंगरात गारठा असतो.

कळावे, आठवण असू द्यावी.
कुमुद

तात्यापारा, रायपूर
दि. ९ डिसेंबर २००३

चि. सौ. कुमुद हिस, तुझ्या बाबाचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर वाकडं येऊन राहिलं, समजून घेशील. तुझं पत्र क्षमानं मले दाखवलं नाही. मीच तिच्या टेबलावरून घेतलं अन् भिंगानं वाचलं. तिच्या नावाआधी सौ. काहून लिहिलं नाही?

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी काय झालं ते सांगतो. तिनं श्यामकांतले स्वयंपाकघरात बोलावलं अन् हळूच सांगतलं की लंकेचं पुढच्या साली पाहू, बाबाले परक्या बाईवर नाही टाकत. तो म्हणाला, हव, पुढच्या साली. वरून एक शब्द नाही की तोंड वाकडं नाही. मग दोघं मिळून तिवऱ्याची पालेभाजी निवडत बसले. मले ऐकू कमी येते असं दोघायले वाटते. मले जे ऐकायचं ते बरोबर ऐकू येते.

पोरी, तेहेतीस वर्षं मी मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात काढली. माणसं लय पाहिली. क्षमासारखं माणूस पाहिलं नाही. दिवाकर गेला तेव्हा ती सत्तावीसची होती. पुढं तुझी आई दोन वर्षं अंथरुणावर होती, तर ऑफिसले जायच्या आधी तिची वेणी रोज क्षमा घालत होती. मी एकदा विचारलं, तुले कंटाळा नाही येत का. ती म्हणाली, येते ना बाबा, पण म्हणून आईची वेणी थोडी तशीच ठेवता येते. असं खरं बोलणारी पोट्टी आहे.

अन् श्यामकांत. दर रविवारी माझी दाढी करून देते. पहिल्या वेळेस लय जपून वस्तरा फिरवला. म्हणाला, बाबा, कागदावर नकाशे काढले, गालावर पहिल्यांदाच. माझ्या गालाच्या खळग्याले तो दरी म्हणते. त्याईच्या लग्नात साक्षीदार म्हणून मी सही केली. सुनेच्या लग्नात सासऱ्याची सही पाहून तिथल्या साहेबानं चष्मा काढून मले पाहिलं. मी त्याले म्हटलं, पाहून घ्या साहेब, असं रोज नाही दिसत.

तुले राग असला तर इथं येऊन माझ्यावर काढ. दिवाकर माझा पोरगा होता. रागाचा पहिला हक्क माझा होता, अन् मले राग आला नाही, बरं वाटलं. सहा जानेवारीच्या आझाद हिंद एक्स्प्रेसचं तिकीट काढ. गुडघ्याचं मले सांगू नको, माझेही दुखतात.

जावईबापूंस आशीर्वाद. बापावर जीव असेल तर ये.
तुझा बाबा,
गंगाधर

तात्यापारा, रायपूर
दि. ११ जानेवारी २००४

चि. सौ. क्षमा हिस, कुमुदचे अगदी मनापासून आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या स्वेटरच्या घडीत ठेवते आहे, म्हणजे डोंगरात थंडी वाजली की सापडेल. तोंडानं सांगायला चार दिवस होते. रोज सकाळी ठरवत होते आणि रोज तू समोर आलीस की धीर जात होता.

इथे आले तेव्हा वाटलं होतं, तू माझ्याशी तुटक वागशील. तू तर स्टेशनवर माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि गुडघ्यांसाठी घरात पाटाऐवजी टेबलावर जेवण सुरू केलंस. काल तुझ्या ऑफिसातल्या बायका भेटायला आल्या. त्यांच्यातली एक सांगत होती की राज्य झालं तेव्हा भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या आणि नुसत्या जमिनीवर ढीग पडला. साहेब लोक डोक्याला हात लावून बसले. तेव्हा क्षमा दीदी सतरंजी टाकून खाली बसल्या आणि तीन महिन्यांत एकेक फाईल जागेला लावली. तू आत चहा करत होतीस. तुला वाटलं आम्ही साड्यांबद्दल बोलतो आहोत.

आणि श्यामकांतराव. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं की दिवाकर लहानपणी कसा होता. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तासभर बोलत होते आणि ते ऐकत होते, मध्येच हसत होते.

आता खरं ते लिहिते. तुझं लग्न मी रागानं टाळलं असं तू आणि बाबा समजता. मी लाजेनं आले नाही.

१९८८च्या उन्हाळ्यात वर्ध्याहून तुझ्या अण्णांचं मला पत्र आलं होतं. आर्वीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक होते, बायको वारलेली, मूल नव्हतं, माणूस चांगला. त्यांनी तुझ्यासाठी विचारणा केली होती. अण्णांनी लिहिलं होतं की व्याह्यांना विचारायचा धीर होत नाही, मुलाचं दुःख अजून ताजं आहे. तुम्ही क्षमाचं मन हळुवारपणे बघा आणि मला कळवा. मी तुझं मन बघितलं नाही. मी परस्पर उत्तर लिहिलं की क्षमाला हा विषय काढलेलाही सोसत नाही, कृपा करून तिच्याजवळ पुन्हा कधी काढू नका.

तू गेली असतीस तर आई-बाबा माझ्याकडे आले असते. अकोल्याला तेव्हा आमच्या दोन खोल्या, त्यात सासूबाई आणि दोन मुलं. मला भीती वाटली, आणि त्या भीतीपायी मी तुझ्या नावानं खोटं लिहिलं. हे आजवर ह्यांनाही ठाऊक नाही. तुझ्या लग्नाची पत्रिका हातात आली तेव्हा पहिला हिशेब मनात हाच आला की पंधरा वर्षं माझ्यामुळे गेली. नंतर तुला पत्र लिहिताना सौ. लिहायलाही हात धजला नाही.

माफी मागायलाही मला तोंड नाही. बाबांची काळजी करू नकोस. दाढीचं मात्र मला जमायचं नाही, श्यामकांतराव येईपर्यंत वाढू दे, असं बाबा म्हणाले आहेत.

जमलं तर लोभ ठेव. नाही ठेवलास तरी मी समजून घेईन.
कुमुद

हापुताले, श्रीलंका
दि. १८ जानेवारी २००४

ती. कुमुदताईंना,
क्षमाचा नमस्कार.

हे पत्र पोहोचायला आठ-दहा दिवस लागतील, म्हणून आज फोनही करणार आहे. पण फोनवर फक्त तारीख सांगेन. बाकीचं इथे लिहिते.

गाव फार देखणं आहे. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत, त्यातली एक आमची. खिडकीखालून चहाचे मळे सुरू होतात ते थेट दरीपर्यंत. दुपारी धुकं वर येतं आणि समोरचं झाडही दिसेनासं होतं. सकाळी दारावर टकटक होते आणि किटलीभर चहा येतो. पहिल्या दिवशी मी सवयीनं कप विसळायला उठले, तर त्या बाईंनी माझा हात धरून मला परत खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी स्वेटर काढला आणि तुमचं पत्र मिळालं.

ताई, मला राग आला. प्राध्यापकांचं म्हणाल तर त्यांचं नावही मला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी काय रडणार. मला अण्णांसाठी रडू आलं. त्या उन्हाळ्यानंतर अण्णा माझ्या पुढच्या आयुष्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. मी वर्ध्याला गेले की ते पावसापाण्याचं बोलत, बाबांची चौकशी करत आणि मला स्टेशनवर सोडत. मला वाटे, त्यांनी मला मनातून पुसून टाकलं. ते गेले तेव्हा याच समजुतीत मी त्यांच्या उशाशी बसले होते. आणि ते बिचारे मला दुखवायला नको म्हणून बारा वर्षं तोंड बंद ठेवून होते.

श्यामकांतना पत्र वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्याबरोबर चालायला निघाले. मळ्यातल्या वाटेनं आम्ही किती वेळ चाललो कोण जाणे. त्यांनी तुमची बाजू घेतली नाही आणि माझीही घेतली नाही. एका वळणावर मी दगडावर बसले आणि अण्णांच्या गोष्टी सांगायला लागले. ते कसे सायकलवर मला पुढे बसवून शाळेत नेत, पावकी-निमकी कशी गाण्यासारखी म्हणून घेत. इतक्या वर्षांत अण्णांची आठवण मी अशी न खुपता काढली नव्हती. बोलता बोलता कळलं की त्यांनी माझा विचार सोडला नव्हता, हे मला तुमच्याच पत्रातून मिळालं आहे.

आणखी एक. अण्णा नाहीत, ते पत्रही आता कुठे नसेल. तुम्ही गप्प राहिला असतात तर हे कधीच कोणाला कळलं नसतं. तुमच्या जागी मी असते तर लिहिलं असतं का? दोन दिवस विचार केला, छातीवर हात ठेवून हो म्हणता येत नाही. या धिटाईबद्दल मला तुमचा अभिमान वाटतो. तो रागाच्या शेजारीच बसला आहे आणि दोघांचं भांडण नाही.

माफ केलं असं लिहिणार होते, पण अजून ते पुरतं खरं नाही. आणि तुम्हाला आता खोटं लिहायचं नाही. बाबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

परवा संध्याकाळी श्यामकांतनी विचारलं की पंधरा वर्षं तर कोणी परत देऊ शकत नाही, पण तुला आत्ता, या घडीला काय हवं आहे. मी म्हटलं, मला अजून पाच दिवस इथेच बसायचं आहे. ते उठले, गावात जाऊन विमानाची तारीख बदलून आले, गाडीचं आरक्षण पुढे ढकललं आणि घरमालकीणबाईंना सांगून खोली ठेवून घेतली. समुद्र नंतर. ऑफिसला रजेची तार मी केली. नोकरीतली पहिली.

तेव्हा ताई, आम्ही चोवीसऐवजी एकोणतीसला रायपूरला पोहोचू. पाच दिवस बाबांना तुम्ही जास्त सांभाळायचं आहे. तुम्हाला जमेल का, असं मी या वेळी विचारत नाही.

राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही तुमच्याच जवळ राहू द्या.

तुमची,
क्षमा