माहेरच्या बैलाचा वाटा

सान बार्तोलो, गुरुवार

प्रिय मिनर्वा,

सोमवारी पहाटेच वाहाका शहराची गाडी पकडून तू कॉलेजला पळालीस, म्हणून लिहावं लागतंय. नाहीतर चुलीपाशी उभी करून तोंडावर बोलले असते. मला सेंटरला ठेवलंत ते काय बास्केटला टेकू द्यायला? बास्केटबॉलची अख्खी फायनल मी हात वर करून उभी होते, दंड भरून आले. तू आणि सोकोरो, दोघी गार्ड, चेंडू एकमेकींनाच देत बसलात आणि मग लांबूनच फेकाफेकी. मला अडवणारी पोरगी माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. बँडमधला म्हातारा कान्दिदोसुद्धा तुतारी खाली ठेवून ओरडला, "अगं पोरींनो, त्या उंच बाईला द्या की! तिला काय ढग अडवायला उभी केलीय?" सगळे हसले. तू हसली नाहीस. मी मोकळी आहे हे तू पाहिलंस, माझ्या डोळ्यांत पाहिलंस, आणि चेंडू सोकोरोकडे टाकलास.

समोर सांता सेसिलिया होतं, माझं माहेर. सकाळी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल वाढताना सोकोरो म्हणाली ते मी ऐकलं होतं, "वहिनी आपली खरी, पण आज समोर तिची सख्खी बहीण आहे. रक्त ते रक्तच." मला वाटलं, माझी नणंद तिला गप्प करेल. तू गप्प राहिलीस.

अगं, लग्न होऊन आले त्याच वर्षी याच कोर्टाच्या सिमेंटसाठी गावच्या श्रमदानात मी ओढ्यातून वाळू वाहिली. सेमीफायनलला "वहिनी, घे!" म्हणून तुझा घसा बसला होता. एका रात्रीत परकी झाले होय? बहिणीचा शॉट मी असा उडवला की चेंडू थेट बघायला आलेल्या माझ्या बाबांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला नाही, नुसता पाय बाजूला घेतला. मी रडत होते गं. तुझ्या भावाला तो घाम वाटला. इकडे तुमचा विश्वास नाही, तिकडे बाबा बोलत नाहीत. तेलही गेलं, तूपही गेलं. आणि शिंगांना फुलं बांधलेला बक्षिसाचा बैल सांता सेसिलियावाले जिंकून घेऊन गेले.

ते सगळं मी गिळलं असतं. पण काल आईनं त्याच बैलाचं खारवलेलं मांस धुतलेल्या फडक्यात बांधून पाठवलं. आणणाऱ्यानं निरोप भर चौकात सांगितला, "आमच्या जिंकण्यात लेकीचाही हात आहे, तिचा वाटा तिला द्या." आईनं मायेनंच म्हटलं असेल. सासूबाईंनी ते चुलीवरच्या दोरीला टांगलं. जेवताना कुणी त्याच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना, तुझा भाऊसुद्धा. मी उठले, मांस काढलं, दरी उतरून माहेरी गेले आणि आईच्या दारात ठेवून आले. जन्मात पहिल्यांदा तिला "नको" म्हणाले. ती रडत होती, मी वळून पाहिलं नाही. हे तुला सोकोरोकडून नाही, माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मृतांच्या सणाला तू घरी येशील तेव्हा सांता सेसिलियाशी पुन्हा सामना आहे. मी बास्केटखाली हात वर करून उभी असेन. चेंडू दे, नाहीतर सगळ्या गावासमोर सांग की मी तुमची नाही.

अजून तरी तुझीच,
तोमासा वहिनी